लांबी

चुंबक घसरलं आणि टप्पदिशी गॅरेजच्या लादीवर पडलं. मिस्त्रींनी ते उचललं, पँटला पुसलं, पुन्हा त्याच जागी टेकवलं. पुन्हा पडलं. आईच्या फ्रिजवरचं, लाल स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, महाबळेश्वरहून कुणीतरी आणून दिलेलं चुंबक. आदल्याच दिवशी मी ते कुर्ल्यात एका जुन्या दारावरून इंच इंच फिरवलं होतं, दुकानदार आपल्याला फसवणारच अशा खात्रीने, आणि ते जिथे टेकवावं तिथे घट्ट बसलं होतं. आता पडत होतं ते आमच्याच गाडीवरून, डाव्या बाजूच्या मधल्या खांबावरून. मिस्त्रींनी खांबावर नखाने टकटक केलं. वर टणटण वाजलं, मध्ये भदभद. "ताई, इथे पत्रा खोल गेलाय. वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. चांगली बोटभर असेल," ते म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने पुढे जोडलं, "काम केलंय पण झकास."

माझं तोंड उतरलं त्याचं कारण पैसे नव्हतं. ही गाडी आमच्या घरात १९९६ सालापासून आहे. बाबांनी स्वतः शोरूममधून आणलेली, दुसऱ्या कुणाच्या हाताला न लागलेली. तिला कधी काही झालेलं नाही हे आमच्या घरातलं एक मूलभूत सत्य होतं. नातेवाइकांत कुणी गाडी ठोकली की बाबा पांढऱ्या मारुतीकडे मानेने खूण करत. बोलत नसत काही. खूण पुरायची.

झालं होतं इतकंच, की सोसायटीच्या गल्लीत पाण्याचे जार टाकायला येणाऱ्या टेम्पोने मागे येताना आमच्या उभ्या गाडीच्या डाव्या पुढच्या दाराला मिठी मारली. पत्रा आत गेला, काच फुटली, दाराची चौकट पिळवटली. मिस्त्री म्हणाले, हे दार ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही, कुर्ल्याहून जुनं ओरिजिनल घेऊन या, मी रंगवून बसवतो. नवीन डुप्लिकेट मिळतं, पण त्याचा पत्रा पापडासारखा आणि कडा कशाही दुमडलेल्या, बसवताना जीव जातो. मारुती ८०० बनायचीच थांबली २०१४ च्या जानेवारीत, त्यामुळे कंपनीच्या नव्या दाराची आशा त्यांनी धरलीच नव्हती. भंगारात काढा, असं तीन जणांनी सुचवलं. गाडीचा पासिंगचा कागद दर पाच वर्षांनी नवा करायचा, हिरवा कर भरायचा, एवढी यातायात कशासाठी, हा प्रश्न योग्यच होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दार शोधायला निघाले.

निघण्याआधी मिस्त्रींनी मला तासभर शिकवणी दिली. ते स्वतः येऊ शकत नव्हते, गणपतीच्या आधीचा आठवडा, गावाला जायच्या गाड्यांची रांग लागलेली. म्हणून मला गाडीशेजारी उकिडवं बसवून त्यांनी दार म्हणजे काय ते दाखवलं. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो, त्या दुमडीवरून बोट फिरवायचं. कंपनीची दुमड एकसारखी, नऊवारीच्या काठासारखी. कुणी दार उघडून पुन्हा दाबलेलं असेल तर तिथे हातोडीचे बारीक डाग बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. दाराच्या बुडाशी पाणी जायला भोकं असतात. ती बुजलेली असली की काचेवरून उतरलेलं पाणी आत साठतं आणि दार पोटातून कुजतं, बाहेरून कितीही देखणं दिसो. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग बघायचा. पाना लागला की रंगाला चीर पडते. भंगारवाल्याने गाडीवरून दार काढताना पाना लावलेलाच असणार, पण त्या चिरेच्या खाली जुनी, गंजलेली चीर दिसली तर समजायचं की हे दार आधीही एकदा निघालं होतं. आणि काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजायचे. आपलं डावं दार पिळवटलेलं, म्हणून त्यांनी उजव्या दाराचे मोजले, सुतळीला दोन गाठी मारल्या आणि ती माझ्या हातात दिली. "माप टेपने नको. टेप वाचताना माणूस चुकतो. गाठ चुकत नाही." हेसुद्धा त्यांनीच सांगितलं की वर्ष नाही, तोंड सांगायचं.

तोंड म्हणजे काय ते कुर्ल्यात गेल्यावर कळलं. पहिल्याच दुकानात मी "नाइन्टी सिक्स मॉडेल" म्हटलं तर चाचांनी विचारलं, "लाइट कौनसा? चौकोन के गोल?" गाड्यांचा इतिहास तिथे सालांवरून नाही, चेहऱ्यांवरून लावतात. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तिचं अंग वेगळं, १९८६ मध्ये सगळं अंगच बदललं, पुढे नव्वदीच्या शेवटी तोंड बदललं. म्हणून बॉनेट आणि पुढची मडगार्डं घेताना तोंड बघायचं. चौकोनी लाइटच्या गाडीचं मडगार्ड गोल लाइटवालीला लावायला गेलं तर लाइटपाशी सगळा घोळ. दाराला तोंडाशी देणंघेणं कमी. दाराचा प्रश्न वेगळा असतो: ते साधं मॉडेल की डीलक्स, आतल्या कव्हरची भोकं कुठे, काचेचं हँडल कुठलं, आरसा होता की नव्हता.

कुर्ल्याचा तो रस्ता मला लहानपणापासून गाडीच्या काचेतून माहीत होता, पायी कधी चालले नव्हते. पावसाची रिपरिप, पायाखाली काळा चिखल, त्यात तेलाचे इंद्रधनुष्यी तवंग. दुकानांच्या दर्शनी भिंतींवर बंपर टांगलेले, खाली पुस्तकांसारखी उभी रचलेली दारं, कण्यावर खडूने नावं: झेन, सँट्रो, इंडिका, वॅगन आर. वास तीन प्रकारचे. ओल्या गंजाचा, गॅस कटरने जळलेल्या रंगाचा, आणि मधूनच शेजारच्या भट्टीतून येणाऱ्या पावाचा. मला आठवलं, याच कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. मुंबईच्या काळ्यापिवळ्या झालेल्या पद्मिनी इथेच जन्मल्या, आणि त्यातल्या किती तरी दारंबॉनेटं इथेच परत येऊन अशी रचून उभी राहिली असणार. माहेरपणाला आल्यासारखी, असं मनात आलं आणि लगेच खोडलं. माहेरपणाला आलेल्या बाईचे कोणी सुटे भाग करत नाही.

चाचांनी आतून तीन डावी दारं काढली. पहिलं पांढरंच होतं, आमच्या गाडीशी रंगही जुळत होता, मला लगेच तेच घ्यावंसं वाटलं. वधूसंशोधनात गोरा रंग बघून भुलतात तशी मी भुलले. चुंबक लावलं तर खालच्या वीतभर पट्टीवर धरेना. बुडाची भोकं रंगाने बुजलेली. दाबून पाहिलं तर आत कुरकुर वाजलं, बिस्किटाचा पुडा दाबावा तसं. चाचांनी मान हलवली, "पानी वाला माल है." २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेल्या गाड्यांचे भाग म्हणे कितीतरी वर्षं बाजारात फिरत होते. हे दार त्या पावसातलं असेलच असं नाही. पण पावसाळ्यात कुर्ल्यात उभं राहून कुठलाही गंज बघितला की तोच दिवस आठवतो. माझा भाऊ त्या रात्री घाटकोपरपासून डोंबिवलीपर्यंत चालत आला होता.

दुसरं दार सुतळीने बाद केलं. गाठी जुळेनात, एक कर्ण अर्ध्या बोटाने मोठा. डोळ्यांनी मात्र अगदी चौकोनी दिसत होतं. चाचा जरा नाराज झाले आणि जरा खूशही. एवढा वेळ घालवणारं गिऱ्हाईक त्यांना फारसं मिळत नसावं. तिसरं दार गडद हिरवं. आतल्या बाजूला लहान मुलाने लावलेला, कडा उचकटलेला मोरपिसाचा स्टिकर. खिशात खोबरेल तेलाचं रिकामं पाऊच आणि एक काळा रबरबँड. चुंबक सगळीकडे धरलं. दुमडीवरून बोट फिरवलं, साडीच्या काठासारखी सलग. बोल्टांच्या जागी एकच ताजी चीर. सुतळीच्या दोन्ही गाठी दोन्ही कोपऱ्यांवर अशा बसल्या की मला एकदम बरं वाटलं, परीक्षेत शेवटचं गणित सुटल्यावर वाटतं तसं. फरक एकच: या दाराला आरशाची भोकं होती. आमच्या साध्या मॉडेलला डावा आरसा आलाच नव्हता. चाचा म्हणाले, भोकं बुजवून टाका नाहीतर आरसा लावून टाका, शीशा मैं देता हूँ. अडीच हजार सांगितले, आरशासकट दोन हजारांत दिलं. दार टॅक्सीत बसेना, मग छोट्या टेम्पोत टाकून आणलं. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि मागे ताडपत्रीखाली कुणाच्या तरी मुलाचं मोरपीस.

एवढं पारखून आणलेलं दार बसलं नाही.

मिस्त्रींची बसवायची पद्धत मला फार आवडली. ते म्हणाले, गाडी नेहमी मागून पुढे जुळवायची. मागचं मडगार्ड अंगाला वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. म्हणून आधी मागचं दार त्याला जुळवायचं, मग पुढचं दार मागच्या दाराला, मग पुढचं मडगार्ड पुढच्या दाराला, आणि सगळ्यांत शेवटी बॉनेट. नवशिके पुढून सुरू करतात, बॉनेट मस्त बसवतात, आणि सगळा उरलेला वाकडेपणा ढकलत ढकलत शेवटच्या फटीत जमा करतात. बिजागरीची भोकं बोल्टांपेक्षा मोठी ठेवलेली असतात, ती यासाठी की दार वरखाली, मागेपुढे थोडं सरकवता यावं. त्यांनी रबर काढलं. खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्यावर लॉक अडकतं तो खुंटा, तोही काढून ठेवला. तो असताना दार त्याच्यावर जाऊन बसतं आणि आपल्याला वाटतं बसलं. खरं म्हणजे ते ओढून धरलेलं असतं. आधी दार मोकळं लटकू द्यायचं आणि ते स्वतःहून कुठे थांबतं ते बघायचं. फट मोजायला त्यांच्याकडे काड्यापेटीच्या काड्या. दोन काड्या जोडून खालपासून वरपर्यंत सरकवत नेल्या. सगळीकडे दोनच. अंगावरची उठावाची रेघ मडगार्डावरून दारावर आली ती न तुटता आली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

मग रबर लावलं, स्ट्रायकर लावला आणि दार ढकललं. खाली टेकलं, वर टेकलं, मध्ये लॉकपाशी मात्र पोचेना. जोरात आपटलं तर लागे, नाहीतर नाही. लागलं तरी मागच्या दारापेक्षा बाहेर, तळहात फिरवला की पायरी लागायची. मी तत्काळ हिरव्या दाराला दोष दिला. सुतळी पुन्हा लावली. गाठी जुळत होत्या. मिस्त्री थोडा वेळ लांब उभे राहून एक डोळा मिटून बघत राहिले, आणि मग त्यांनी माझ्याकडे ते चुंबक मागितलं.

आमचं जुनं दार कोपऱ्यात उभं होतं, टेम्पोने मारलेलं. मिस्त्रींनी ते आडवं पाडलं आणि त्याच्या आतल्या कडेला एक लांब पट्टी लावून दाखवली. टेम्पोचा मार वरच्या भागात होता, पण लॉकच्या पातळीला दार धनुष्यासारखं आत वाकलेलं होतं, आणि तिथे रंग जुना, शाबूत. "हे टेम्पोने नाही केलेलं. हे मुद्दाम केलंय. खालीवर लाकडाचे ठोकळे देऊन मध्ये गुडघ्याने दाबायचं. खांब आत गेला होता, तो ओढायला खर्च येतो, काच काढावी लागते. म्हणून कारागिराने दारच खांबासारखं वाकवलं, आणि खांबावर लांबी भरून वरून सरळ दाखवला." म्हणजे इतकी वर्षं आमचं दार नीट बसत होतं ते वाकडं होतं म्हणून. आणि मी तीन दारांतून निवडून आणलेलं हे एकमेव सरळ दार बसत नव्हतं.

संध्याकाळी आईकडे गेले. ती मटार सोलत होती, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. मी चुंबक फ्रिजवर परत लावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आपली गाडी कधी डाव्या बाजूने लागली होती का गं? तिने शेंग मोडली. दाणे काढले. "बदलापूरला," म्हणाली. "मावशीच्या फाटकाच्या खांबाला."

२००१ चा शिमगा. बाबा चार दिवस गावाला गेलेले, मी दहावीच्या परीक्षेत बुडालेली. आईने दोन वर्षांपूर्वी गाडी शिकून घेतली होती, मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर, बँकेच्या जेवणाच्या सुटीत. पण आमची गाडी तिने चालवली ती कायम बाबा शेजारी बसलेले असताना. गिअर टाक, क्लच सोड, हॉर्न दे, आरसा बघ. डाव्या बाजूला आरसाच नव्हता, तिथे बाबा होते. "मला एकदा शेजारी कुणी नसताना चालवायची होती," एवढंच ती म्हणाली. जाताना काही झालं नाही. उल्हासनगरच्या गर्दीतूनही नीट गेली. मावशीच्या फाटकात वळताना डावीकडून कर्रर्र झालं. मावशीच्या दिरांच्या ओळखीने कल्याणला एक गॅरेज मिळालं. तीन दिवसांत काम पूर्ण पाहिजे, आणि कळता कामा नये, एवढ्या दोनच अटी. पैसे भिशीचे. त्या महिन्यात भिशी लागली होती आणि तिला त्यातून मिक्सर घ्यायचा होता. मिक्सर दिवाळीनंतर आला. मला तो पाटा आठवतो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे वाटण पाट्यावर व्हायचं आणि आई म्हणायची, मिक्सरच्या वाटणाला चव नाही.

मला बाबांचा राग आला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. ते जाऊन सहा वर्षं झाली. ते ओरडणारे नव्हते. फक्त ती मानेची खूण होती, आणि त्या खुणेच्या धाकाने एक बाई तीन दिवस बँकेतून परस्पर कल्याणला जाऊन लांबी वाळली का ते बघून येत होती. त्यानंतर आईने गाडी हळूहळू सोडलीच. आम्ही म्हणायचो, आईला ड्रायव्हिंगची आवड नाही. मीही म्हणायचे. स्वतःची गाडी घेतल्यावर तर जास्तच म्हणायचे.

"बाबांना कळलं नाही?"

"काय माहीत," ती म्हणाली. "आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना म्हणाले, हल्ली डावं दार बरं लागतं. पूर्वी आपटावं लागायचं." तिने सालं गोळा करून ताटलीच्या कडेला सारली. "मग परत कधी काही बोलले नाहीत. आता कळलं होतं की नव्हतं, काय सांगू."

दुसऱ्या दिवशी मी तिला गॅरेजमध्येच घेऊन गेले. मिस्त्रींनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. त्यांनी तीन वाटा सांगितल्या: खांबाला साखळी लावून ओढायचा, खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास. नाहीतर हे दारही पहिल्यासारखं गुडघ्याने वाकवायचं, अर्ध्या तासाचं काम. नाहीतर स्ट्रायकरच्या मागे दोन वायसर टाकून खुंटा बाहेर आणायचा. दार हलक्या हाताने लागेल, पण रेघेला रेघ मिळणार नाही, पायरी दिसणार. मी म्हटलं, वाकवा. दिसायला बरं. खरं म्हणजे मला ती पायरी रोज बघायची नव्हती.

आई उठून खांबाजवळ गेली. लांबी आता खरवडून काढली होती, खालचा पत्रा उघडा, वाटीएवढा खोलगट, त्यात कारागिराच्या हातोडीचे जुने ठसे. तिने त्यात तळवा ठेवला. "केवढंसं आहे," म्हणाली, "मला आठवणीत केवढं मोठं वाटत होतं." मग मिस्त्रींना म्हणाली, "वायसर टाका. ते दार कशाला वाकवता? सरळ आहे बिचारं."

दार बाहेरून पांढरं रंगवलं. आतून हिरवंच ठेवलं, मोरपीसही. उघडलं की एकदम हिरवी कड दिसते, पातळाच्या आतून परकर दिसावा तशी, आणि आईला ते आवडत नाही, पण रंगाचे आणखी पैसे घालायचे नाहीत असंही तीच म्हणते. पन्नासच्या पुढे गाडी गेली की डाव्या कानाशी बारीक शीळ ऐकू येते. मिस्त्री म्हणतात रबर बसेल महिन्याभरात.

गेल्या रविवारी मावशीकडे निघालो. मी चालवत होते, आई शेजारी. पत्री पुलाच्या अलीकडे मला डावीकडची रिक्षा बघायची होती म्हणून नव्या आरशात पाहिलं, तर त्यात आकाश आणि विजेच्या तारा. आईने खिडकीतून हात बाहेर घालून आरसा तिच्या डोळ्यांच्या सोयीने वळवून घेतला होता, आणि मागून येणाऱ्या गाड्या ती अगदी लक्ष देऊन बघत होती. मी म्हटलं, आई, तो माझ्यासाठी आहे. ती म्हणाली, "थांब, एक टेम्पो आहे. जाऊ दे त्याला. हं, घे आता."

मी घेतली.